धुवा, वाळवा, पुन्हा वापरा... पण वाळवायचं कुठे?

पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या पिरियड पँटीची जाहिरात सध्या प्रत्येकीच्या फीडमध्ये आहे. पॅड नको, कचरा नको, टेन्शन नको, असं ती म्हणते. हॉस्टेलची एक बादली, एक दोरी आणि पुण्याचा पाऊस यांच्यासमोर हा दावा किती टिकतो? सलग तीन पाळ्यांचा हा अनुभव.

कॉलेजमध्ये मुलींची एक खुणांची भाषा असते. लेक्चर संपलं की पुढची उठते, दोन पावलं चालते आणि मान वळवून मागचीकडे बघते. मागची हळूच मान हलवते. म्हणजे डाग नाही, जा बिनधास्त. ही भाषा कोणी शिकवत नाही, पण फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात अनोळखी मुलींनाही ती येत असते.

पाळीला आपल्याकडे नावंही भरपूर. आजीच्या तोंडी ‘कावळा शिवला’, आईच्या तोंडी ‘अडचण’, ग्रुपमध्ये ‘चम्स’ नाहीतर ‘डेट’. नाव कुठलंही घ्या, भीती एकच. लागलं तर? त्या भीतीपोटी आपण पांढरी सलवार कपाटात ठेवतो, ओढणी मागे सोडतो, रात्री एका कुशीवर आखडून झोपतो. पिरियड पँटी नेमकी हीच भीती घालवायचं आश्वासन देते. म्हणून मे, जून आणि जुलै अशा तीन पाळ्यांमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिळून तीन पँट्या वापरून बघितल्या. कंपन्यांची नावं इथे देत नाही. ही जाहिरात नाही.

हे नेमकं असतं काय?

दिसायला साधी काळी निकर. हातात घेतली की मधला भाग थोडा जाड लागतो. तिथे तीन थर असतात. अंगाला लागणारा वरचा थर ओल पटकन खाली ओढतो. मधला थर टॉवेलसारखा, रक्त शोषून धरणारा. आणि सगळ्यात खाली एक पातळ पॉलियुरेथेनचं अस्तर, जे ओल कपड्यापर्यंत जाऊ देत नाही. बाळांच्या धुवून वापरायच्या लंगोटांमध्ये जे अस्तर असतं, तेच हे. यात पॅड लावायचं नसतं, पँटी हेच पॅड.

ऑनलाइन मागवताना एक घोळ होतो, तो आधीच सांगते. ‘पिरियड पँटी’ असं शोधलं की दोन प्रकार समोर येतात. एक वापरून टाकून द्यायची, म्हणजे मोठ्ठं पॅडच निकरच्या आकाराचं. दुसरी धुवून पुन्हा वापरायची. तिसराही एक प्रकार आहे. त्यात शोषणारा थर नसतो, फक्त डाग अडवणारं अस्तर असतं आणि आत पॅड लावावंच लागतं. तिन्हींचे फोटो जवळपास सारखेच. म्हणून ‘रीयुजेबल’ आणि ‘अॅब्सॉर्बंट’ हे दोन्ही शब्द आहेत का, ते बघा.

पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘तीन पॅडइतकी क्षमता’. वाचून धीर येतो, पण एक साधी गोष्ट लक्षात घ्या. एका अख्ख्या पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. चहाच्या चमच्यांत मोजलं तर सहा ते आठ चमचे. 80 मिलिलिटरच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात. मग लागतं का? कारण रक्त दिवसभर सारखं वाहत नाही. तासभर बसून झटकन उठलं की एकदम येतं आणि एकाच जागी येतं. तेव्हा थर किती शोषतो यापेक्षा किती पटकन शोषतो आणि निकर मांडीशी किती घट्ट बसते, याला महत्त्व असतं. म्हणूनच साइज ढगळ घेऊ नका. टेप घेऊन कंबर आणि हिप्स मोजा, मगच ऑर्डर करा.

रात्री पास, कॉलेजात काठावर

पहिल्यांदा वापरायची तर चौथ्या दिवशी, खोलीवर, सुट्टीच्या दिवशी. मीही तेच केलं. पहिला तास डोक्यात एकच विचार, ‘आपण काहीच घातलेलं नाही.’ पॅडची सवय इतकी असते की त्याची ती सरसर, तो जाडपणा, ते चिकटणं हेच आपल्याला सुरक्षित वाटत असतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. दर वीस मिनिटांनी बाथरूममध्ये जाऊन बघणं चालू. काळ्या कापडावर दिसणार काय? शेवटी टिश्यू दाबून बघितला. किंचित गुलाबी. बाहेर काही नाही.

खरी परीक्षा पुढच्या महिन्यात, दुसऱ्या रात्री. जाड थराची, मागे कमरेपर्यंत अस्तर असलेली पँटी घातली आणि झोपले. उताणी झोपले, पालथी झोपले, कूस बदलली. सकाळी चादर स्वच्छ. पॅडच्या कडांनी जांघेत जे घासतं, ते अजिबात नाही. ज्यांना पॅडमुळे दर महिन्याला पुरळ येतं त्यांच्यासाठी एवढी एक गोष्टसुद्धा पुरेशी आहे. सकाळी उठल्यावर मात्र ओल जाणवते. पॅडमधलं जेल रक्त धरून ठेवतं, तसं जेल इथे नसतं. त्यामुळे आठ तासांनंतर जड, दमट वाटतं. वास पॅडपेक्षा कमी येतो, पण येतो.

आता कॉलेज. सकाळी साडेसातचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी साडेपाचला खोलीवर. दुसऱ्या दिवशी दहा तास एका पँटीवर निघत नाहीत. म्हणजे मध्ये बदलायला हवी. आणि इथे जाहिरातीत कोणी न सांगितलेली अडचण येते. पॅड बदलायला जीन्स गुडघ्यापर्यंत खाली केली की झालं. पँटी बदलायला जीन्स पूर्ण काढावी लागते. म्हणजे आधी बूट काढा. कॉलेजच्या टॉयलेटमधली फरशी ओली. दाराला कडी असेल तर नशीब, खुंटी तर नसतेच. जीन्स एका खांद्यावर, बॅग दुसऱ्या खांद्यावर, एका पायावर उभं राहून नवी निकर चढवायची. शिवाय काढलेली ओली पँटी टाकून द्यायची नसते, ती झिपच्या पाउचमध्ये घालून दिवसभर बॅगेत, टिफिनच्या शेजारी. ज्या दिवशी ड्रेस किंवा स्कर्ट होता त्या दिवशी हे जमलं. जीन्सच्या दिवशी नाही.

म्हणून तीन महिन्यांनंतर माझ्यापुरती वाटणी अशी झाली. पहिले दोन दिवस कॉलेजात पॅड, रात्री पँटी. तिसऱ्या दिवसापासून दिवसाही पँटी. ज्या मैत्रिणी मेन्स्ट्रुअल कप वापरतात त्यांना कपबरोबर ‘बॅकअप’ म्हणून ती चालते. सगळं सोडून हिच्यावर या, असं कोणालाही सांगणार नाही.

लाल पाण्याची बादली

वापरण्यापेक्षा धुण्याची धास्ती जास्त असते. नियम सोपे आहेत. काढल्याबरोबर गार पाण्यात खळबळायची. गरम पाणी नको, त्याने रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. आजीला विचाराल तर ती हेच सांगेल, प्रथिनं हा शब्द न वापरता. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा बदलायचं, मग साधा साबण लावून हलक्या हाताने चोळायचं. ब्लीच नको, इस्त्री नको, खालचं अस्तर उष्णतेने खराब होतं. आणि फॅब्रिक कंडिशनर तर नकोच. त्याचा तवंग धाग्यांवर बसतो आणि शोषायची ताकद कमी होते. नवीन पँटीही वापरण्याआधी एकदा धुवून घ्या.

बादलीतलं पाणी लाल होतं तेव्हा पहिल्यांदा शहारा येतो. खरंच येतो. पॅड आपण न बघता गुंडाळतो आणि टाकतो. इथे स्वतःचं रक्त स्वतःच्या हातांनी धुवायचं असतं. पण दुसऱ्या महिन्यापर्यंत एक गोष्ट लक्षात यायला लागली. कुठल्या दिवशी पाणी किती गडद, गाठी आहेत का, चौथ्या दिवशी रंग कसा बदलतो. ‘तुला ब्लीडिंग किती होतं गं?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर आपल्यातल्या बहुतेकींचं उत्तर असतं, ‘नॉर्मल.’ कशाच्या तुलनेत नॉर्मल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण पाळीत जास्त रक्त जाणं हेही एक आहे. दर तासा-दोन तासांनी पॅड किंवा पँटी भिजत असेल, सात दिवसांच्या वर पाळी चालत असेल, मोठ्या गाठी जात असतील, तर नवी पँटी मागवू नका, डॉक्टरकडे जा.

‘अगं, म्हणजे परत कापडच की!’

आईला फोनवर सांगितलं तेव्हा आधी ती हसली. ‘अगं, म्हणजे परत कापडच की!’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘आम्ही या धुण्यातनं सुटलो. तुम्ही पैसे देऊन तेच धुणं विकत घेताय.’

तिच्याकडे जुन्या साडीच्या घड्या होत्या. पहाटे कोणी उठायच्या आत मोरीत धुवायच्या. वाळत घालायच्या त्या न्हाणीघराच्या मागे, परकराच्या खाली, पुरुषांच्या नजरेला पडणार नाहीत अशा. ऊन तिथे कधी यायचं नाही. पावसाळ्यात घडी अर्धवट ओली असली तरी तीच घ्यायची. बारावीला असताना पहिल्यांदा पॅडचं पाकीट हातात आलं, दुकानदाराने पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी घालून दिलेलं. ते तिच्यासाठी स्वातंत्र्य होतं. वापरा आणि टाका. धुणं नाही, लपवणं नाही.

तिचा मुद्दा खोडून काढता येत नाही. आणि कापड हा काही फक्त तिच्या जमान्याचा विषयही नाही. त्याच पाचव्या सर्वेक्षणात 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी 64 टक्के जणींनी सॅनिटरी नॅपकिन वापरत असल्याचं सांगितलं, तर 50 टक्के जणींनी कापड. बेरीज शंभरच्या वर जाते, कारण कित्येक जणी दोन्ही वापरतात. घराबाहेर पडताना पॅड, घरी कापड. म्हणजे आपल्यासाठी जो ‘नवा ट्रेंड’ आहे, त्याच्या अगदी जवळचं काहीतरी आपल्याच वयाच्या निम्म्या मुली आजही वापरतायत. फरक कापडापेक्षा बाकीच्या गोष्टींत आहे. अस्तर लावून शिवलेली निकर आहे की साडीचा तुकडा, धुवायला पुरेसं पाणी आहे का, कडी लागणारी मोरी आहे का, आणि ते उन्हात वाळवायची मुभा आहे का. पाणी टँकरचं असेल तर तीन-चारदा खळबळायला सांगणारं हे उत्पादन काय कामाचं?

दोरीवरचं राजकारण

मुभेचा प्रश्न हॉस्टेलवरही येतोच. सूचनापत्रावर लिहिलेलं असतं, ‘उन्हात वाळवा.’ ऊन टेरेसवर. टेरेसवर दोऱ्या सगळ्यांच्या. टाकीवाले, वायरमन, वॉचमन काका, सगळ्यांची ये-जा. मे महिन्यात पहिल्यांदा पँटी दोरीवर टाकली तर संध्याकाळी तिच्यावर कोणीतरी टॉवेल पसरलेला होता. वाईट हेतूने नव्हे, काळजीने. ‘दिसत होती म्हणून झाकली,’ असं एका ताईने सांगितलं. आईच्या परकराच्या जागी टॉवेल आला, इतकंच.

गंमत म्हणजे बघणाऱ्याला ती साधी काळी निकर दिसते. ती पाळीची आहे हे फक्त आपल्याला माहीत असतं. तरी हात अडखळतो. रूममेटला कॉमन वॉशिंग मशीनमध्ये ती टाकणं पटेना. वादात न पडता ‘आधी हाताने धुवून, मग जाळीच्या पिशवीत घालून मशीनला’ असा तह झाला. रेक्टर मॅडमकडे टेरेसवर मुलींसाठी वेगळी दोरी मागितली, ती दहा दिवसांत मिळाली. मागायचं कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच. आता त्या दोरीवर तीन-चार खोल्यांच्या निकर चिमटे लावून उघड्यावर वाळतात.

पण पावसाला काही तह मान्य नाही. मे महिन्यात जाड पँटी दुपारच्या चार तासांत कडक वाळायची. जुलैमध्ये खोलीत पंख्याखाली दीड दिवस लागला आणि तरी शिवणीजवळ गारवा होताच. अर्धवट ओली पँटी घालणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. तीन पँट्यांमध्ये पावसाळी पाळी निघत नाही. म्हणून त्या महिन्यात कपाटात पॅडचं पाकीट हवंच.

पैशाचं गणित

‘एकदा खर्च, मग बचत’ हा जाहिरातीतला लाडका दावा. करून बघू हिशेब. महिन्याला 15 पॅड, एक 8 रुपयांना धरलं तर 120 रुपये. वर्षाचे 1440, दोन वर्षांचे 2880. पँटी साधारण 500 रुपयांची धरली आणि पॅड पूर्ण बंद करायचे म्हणून पाच घेतल्या, तर 2500. दोन वर्षं टिकल्या तर वाचले 380 रुपये. दीड वर्षातच शोषेनाशा झाल्या तर उलट 340 रुपये अंगावर. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड 2019 पासून एक रुपयाला मिळतं. त्याच्याशी तर तुलनाच नको. थोडक्यात, फक्त पैसे वाचवायचे म्हणून घेणार असाल तर घाई करू नका. शिवाय 2500 रुपये एकदम काढणं हे पॉकेटमनीवाल्यांचं काम नाही. एक घ्या, वापरा, मग ठरवा.

कोणाच्या हातात जातं?

मग घ्यायची कशाला? एक कारण आपल्या कचऱ्याच्या डब्यात आहे. बाजारातल्या नेहमीच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकचा थर आणि रक्ताचं जेल करणारी पावडर असते. ते कुजत नाही. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने 2017 मध्ये ‘रेड डॉट’ मोहीम काढली होती. मागणी साधी होती. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वेगळं करणारीला ते उघडून बघावं लागणार नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी पॅडबरोबर ते गुंडाळायला पाकीट देणं ही कंपन्यांची जबाबदारी ठरवली आणि नीट गुंडाळून देणं ही आपली. वर्षाला 180 पॅड आपण टाकतो. ती दुसऱ्या कोणत्या तरी बाईच्या हातातून जातात. रात्रीची चार पॅड जरी वाचली, तरी वर्षाला जवळपास पन्नास कमी होतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘इकोफ्रेंडली’ लिहिलं म्हणजे सगळं छान, असं नाही. काही पिरियड पँट्यांमध्ये डाग आणि पाणी न धरणारी ‘पीएफएएस’ गटातली रसायनं वापरली जातात का, यावरून अमेरिकेत एका नावाजलेल्या ब्रँडविरुद्ध ग्राहक कोर्टात गेले आणि 2023 मध्ये ते प्रकरण समझोत्याने मिटलं. कंपनीने आरोप मान्य केले नव्हते. पण तेव्हापासून ‘पीएफएएस-फ्री’ हा प्रश्न विचारणं योग्य मानलं जातं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने पुन्हा वापरायच्या पॅड आणि पिरियड पँटीसाठी 2021 मध्ये ‘आयएस 17514’ हे मानक आणलंय. घेताना त्याचा उल्लेख आहे का, ते बघा.

आणि ही गरजेची वस्तू की कपडा, हा वाद जगभर आहे. ब्रिटनने 2021 मध्ये पॅड आणि टॅम्पॉनवरचा कर काढला, पण पिरियड पँटीला ‘कपडे’ म्हणून त्यातून वगळलं. ती सूट मिळायला 1 जानेवारी 2024 उजाडलं. आपल्याकडे सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये रद्द झाला, तोही बराच आरडाओरडा झाल्यावर.

घेण्याआधी हे बघा

- धुवायला स्वतंत्र बादली, पुरेसं पाणी आणि ऊन येणारी दोरी आहे का? नसेल तर आधी त्याची सोय.
- एकच घ्या, जाड थराची. पहिल्यांदा घरी, कमी रक्तस्रावाच्या दिवशी वापरा.
- भिजल्यासारखी वाटली की बदला. कमी रक्तस्राव असला तरी 12 तासांच्या वर एकच ठेवू नका.
- प्रवासात आणि परीक्षेच्या दिवसांत नवा प्रयोग नको.
- धुतल्यावर वास येत राहिला, अस्तर सुटलं किंवा कडेने ओल यायला लागली, तर ती पँटी बाद.
- खाज, पुरळ किंवा वेगळा स्राव दिसला तर वापर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

जुलैच्या शेवटी आईने फोन केला. पँटीचं काहीतरी चाललंय हे तिच्या लक्षात होतं. ‘वाळते का गं पावसात?’ म्हटलं, नाही वाळत नीट. ‘मग एक माझ्यासाठी मागव, जाड थराची. आता आमच्याकडे पाळी जाता जाता कधी एकदम येते, काही नेम नाही. घरीच तर असते मी. आणि आपल्याकडे गच्चीवर पत्रा आहे, पावसातही वाळेल.’ साइज विचारला, तर मोजायची टेप शोधायला गेली.